ओव्हरफ्लोची गुडगुड, खाली-वर होणारी पातळी आणि वीज गेल्यावर वाहणारा संप

ही तपासणी माशांच्या अशा टाकीसाठी आहे जिचं पाणी काठाजवळच्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये सांडतं, पाइपाने खालच्या फिल्टरच्या टाकीत म्हणजे संपमध्ये उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. आधी लक्षणं बघा आणि आपलं कोणतं ते ठरवा, कारण पुढची अर्धी तपासणी त्यावरच टळते.

पंप चालू असताना ओव्हरफ्लो बॉक्समधून सतत गुडगुड येते. किंवा बराच वेळ शांतता असते, बॉक्समधलं पाणी हळूहळू चढत जातं, मग पाइप एकदम घर्रर्र करून सगळं ओढून घेतो, पातळी झपकन उतरते आणि मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा तेच चक्र. संपमध्ये पाणी फेसाळतं आणि टाकीत बारीक बुडबुड्यांचं धुकं दिसतं. मोठ्या टाकीतली पातळी कोणी हात न लावता आठवडाभरात बोटभर चढते. वीज गेली की संप काठोकाठ भरतो, कधी जमिनीवर येतो. वीज आल्यावर पाइप सायफन धरायला, म्हणजे हवा सोडून पूर्ण भरून पाणी सलग ओढायला, फार वेळ घेतो आणि तोवर वरचं पाणी काठाला टेकतं. शेवटचं लक्षण म्हणजे टाकीच्या भोकाजवळ, बल्कहेडच्या (काचेच्या भोकात पाइप बसवणाऱ्या जोडाच्या) नटाखाली, कायम राहणारी ओल.

हे सगळे वेगवेगळे आजार वाटतात. ओल सोडली तर बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: हवा. खाली जाणाऱ्या पाइपात एकतर निव्वळ पाणी हवं, नाहीतर पाण्याच्या बाजूने हवेला मोकळी वाट हवी. या दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे बाटली उलटी केल्यावर होणारी गटगट. पाणी खाली जायला बघतं, हवा वर यायला बघते, दोघं एकाच तोंडाशी भांडतात. पुढे जे काही तपासायचं आहे ते याच प्रश्नाभोवती फिरतं की नको तिथे हवा कुठून शिरते आणि हवी तिथे ती कुठे अडते.

तुमची रचना कोणती तेही एकदा नक्की करा. बॉक्समध्ये एकच उभा पाइप, वर टोपी आणि टोपीला छोटं भोक असेल तर तो डर्सो पद्धतीचा उघडा स्टँडपाइप. त्यात पाणी आणि हवा दोन्ही चालतात. दोन पाइप असून एकावर व्हॉल्व्ह असेल तर ती हर्बी: व्हॉल्व्हचा पाइप पूर्ण सायफनवर, दुसरा आणीबाणीचा. तीन पाइप असतील तर बीनअ‍ॅनिमल, म्हणजे एक सायफन, एक उघडा, एक आणीबाणीचा. उघड्या पाइपाचा उपाय सायफनच्या पाइपाला लावला की बिघाड वाढतो, म्हणून हे आधी.

हात घालण्यापूर्वी

पाण्यात हात जाणार असेल तर पंप, हीटर, दिवे सगळ्यांचे प्लग काढा. हीटरचा तर नक्कीच. पातळी उतरून तो उघडा पडला आणि चालू राहिला तर काच तडकते. वायर प्लगपर्यंत येण्याआधी खाली झोळ घेऊन वर चढते ना, तेही पाहा. सरळ प्लगमध्ये उतरणाऱ्या वायरवरून पाण्याचा थेंब थेट सॉकेटमध्ये जातो. आणि पेन्सिलीने किंवा टेपने तीन खुणा करा: टाकीची पातळी, बॉक्सची पातळी, संपची पातळी. या खुणांशिवाय ‘आधीपेक्षा जास्त वाटतंय’ याला काही अर्थ नाही.

१. नुसतं बघा: पाणी बॉक्सच्या आधी अडतंय की नंतर?

फुकटची तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. टाकीतली पातळी चढली आहे पण बॉक्समधली नेहमीएवढी किंवा कमी आहे? मग पाइप निर्दोष आहे. अडथळा कंगव्यात, म्हणजे पाणी बॉक्समध्ये ज्या दातांतून सांडतं तिथे आहे. दातांमध्ये शेवाळ, पानाचा तुकडा, वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची लांब पट्टी, काहीही असू शकतं. जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांत काम होतं. टाकीची पातळी आठवडाभरात हळूहळू चढण्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं, आणि लोक मात्र व्हॉल्व्ह फिरवत बसतात.

उलट, बॉक्समधली पातळीही चढली असेल तर अडथळा पाइपात किंवा त्याच्या पलीकडे आहे. पाइपाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. मग पाइपावर, विशेषतः पहिल्या एल्बोवर म्हणजे वळणाच्या जोडावर, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक करा. गोगलगायी असलेल्या टाकीत हा एल्बो त्यांची आवडती जागा असतो. एक गोगलगाय वळणावर चिकटून बसली की पाण्याची वाट निम्मी होते, आणि ती जागा बदलते तसा आवाजही बदलतो. ‘कधी होतं, कधी होत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी गोगलगायी आहेत का ते विचारतो.

२. टोपीचं भोक

हे फक्त उघड्या स्टँडपाइपासाठी. टोपीला असलेलं बारीक भोक हवेसाठी असतं. खाऱ्या टाकीत तिथे मिठाचे खडे जमतात, जड पाणी असेल तर क्षाराचा पांढरा थर. टूथपिक फिरवा आणि आवाज ऐका.

भोक मोकळं असूनही चढ-ओढीचं चक्र चालूच असेल तर हवा कमी पडते आहे. पाइप मधूनमधून सायफन धरतो, बॉक्स उपसतो, हवा ओढून सायफन तोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. उलट नुसता सुसाट फुसफुस आवाज असेल तर हवा जास्त होते आहे. यावर ड्रिल घेऊन भोक मोठं करू नका, मोठं झालेलं भोक लहान होत नाही. एअर पंपाची बारीक नळी भोकात बसवा, दुसऱ्या टोकाला हवेचा छोटा व्हॉल्व्ह लावा आणि तो थोडा थोडा फिरवून शांत जागा शोधा. टोपी सिमेंटने चिकटवलेली असेल तर ती ज्याने चिकटवली त्याचा थोडा राग येऊ द्या. टोपी नेहमी नुसती दाबून बसवायची असते.

तीन पाइपांच्या रचनेत मधल्या उघड्या पाइपाला अशीच नळी असते, पण तिचं काम वेगळं. तिचं तोंड नेहमीच्या पातळीच्या वर आणि टाकीच्या काठाच्या खाली असतं. मुख्य पाइप तुंबला की पाणी चढतं, नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि उघडा पाइप आपोआप पूर्ण सायफनवर जातो. साफसफाईत ही नळी सरकून काठाच्या वर गेली असेल तर हा सगळा बंदोबस्त निकामी झालेला असतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून हात लावून बघा.

३. पाइपाचं खालचं टोक

लोक वरच बघत राहतात, दोष खाली असतो. संपमध्ये पाइपाचं टोक किती बुडालं आहे? चालू स्थितीत पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर पुरे. पंप सुरू होताना पाइपात अडकलेली हवा याच टोकातून बाहेर ढकलली जायची असते. टोक वीतभर खोल असेल तर तेवढ्या पाण्याचा दाब ओलांडल्याशिवाय हवा निघत नाही. वीज आल्यावर सायफन उशिरा धरण्याचं हे पहिलं कारण. टोक कापून वर घ्या. तिरकं कापलंत तर हवा एका बाजूने निसटते, आणखी बरं. मात्र पाण्याच्या वरही ठेवू नका, धबधबा होऊन फेस वाढतो.

यातलीच एक चकवणारी गोष्ट फिल्टर सॉकची, म्हणजे पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीची. पाइप सॉकमध्ये सोडलेला असेल तर सॉक नवीन असताना आतलं पाणी खाली असतं, तो मळत जातो तसं आतलं पाणी चढत जातं. म्हणजे टोक रोज थोडं जास्त बुडतं. गुडगुड सॉक धुतल्यावर थांबते आणि तीन-चार दिवसांनी परत येते, असं असेल तर पाइपाला काही झालेलं नाही. सॉक लवकर बदला, नाहीतर जास्त मोकळ्या विणीचा घ्या.

बुडबुड्यांची तक्रार असेल तर इथेच पंपाचा कप्पाही बघून घ्या. पाणी उडून जातं तशी घट याच कप्प्यात दिसते, बाकीच्या कप्प्यांची पातळी काचेच्या आडव्या पट्ट्या राखतात. पातळी पंपाच्या तोंडापर्यंत उतरली की तो हवा ओढतो आणि बुडबुडे थेट टाकीत फेकतो. दोष ड्रेनला, म्हणजे खाली उतरणाऱ्या पाइपाला मिळतो, उपाय म्हणजे पाणी भरणं. खाऱ्या टाकीत ही भर गोड्या पाण्याचीच घाला, मीठ उडून जात नाही.

४. व्हॉल्व्ह, आणि फिरवण्याआधी एक प्रश्न

सायफनच्या पाइपाला हात लावण्याआधी विचारा: गेल्या काही दिवसांत रिटर्न पंप धुतला का? पंप मळत जातो तसा त्याचा प्रवाह घटतो, आणि व्हॉल्व्ह नकळत त्या घटलेल्या प्रवाहाला लावलेला असतो. पंप धुऊन स्वच्छ केला की वर जास्त पाणी चढतं, सायफनला ते पेलत नाही, उरलेलं दुसऱ्या पाइपात सांडतं आणि आवाज सुरू. ‘काहीच बदललं नाही, फक्त पंप साफ केला’ हे वाक्य ऐकलं की निदान झालं असं समजायला हरकत नाही.

व्हॉल्व्ह लावायची रीत अशी. आत्ताची जागा मार्करने खूण करा. पंप पूर्ण चालू ठेवा. व्हॉल्व्ह थोडा उघडा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी, आणि पाच-सात मिनिटं हात मागे घ्या. बॉक्समधली पातळी नव्या जागी स्थिरावायला वेळ लागतो. घाईने लगेच पुन्हा फिरवलंत तर तुम्ही आधीच्या फिरवण्याच्या परिणामामागे धावत राहता. हवी ती स्थिती म्हणजे सायफनचा पाइप पूर्ण भरलेला, निःशब्द, आणि दुसऱ्या पाइपात काठावरून उतरणारी पाण्याची पातळ धार. ही धार शून्यावर आणायचा हट्ट नको. प्रवाहात होणारे बारीकसारीक फरक तीच गिळते. हर्बीत दुसरा पाइप पूर्ण कोरडा ठेवणारेही आहेत, पण मग व्हॉल्व्हशी सतत खेळत बसावं लागतं.

या कामाला बऱ्याच फेऱ्यांत हळूहळू उघडणारा गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघडा ते पूर्ण बंद होतो, त्यावर बारीक हिशेब जमत नाही. आणि आणीबाणीच्या पाइपावर कोणताही व्हॉल्व्ह असता कामा नये. असेल तर आजच काढा.

५. वीज गेल्याची परीक्षा, आणि त्याहून महत्त्वाची दुसरी

पंपाचा प्लग काढा आणि संपसमोर बसा. पाणी दोन वाटांनी खाली येतं: ओव्हरफ्लोतून कंगव्याच्या तळापर्यंत, आणि रिटर्न पाइपातून उलटा सायफन होऊन त्या पाइपाच्या तोंडापर्यंत. यातलं जे खोल, तिथवर टाकी उतरते. हिशेब सोपा आहे. टाकी १२० बाय ४५ सेंमी असेल तर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. रिटर्नचं तोंड पाच सेंमी खोल असेल तर २७ लिटर खाली येणार, शिवाय बॉक्स आणि पाइपातलं वेगळं. संप ६० बाय ४० सेंमीचा असेल तर एवढ्याने त्याची पातळी सव्वाअकरा सेंमी चढते. तेवढी जागा रिकामी आहे का?

नसेल तर रिटर्न पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल असं बारीक भोक पाडा. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, ते कंगव्याबरोबरच साफ करत जा. याला पर्याय म्हणून चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, सुचवला जातो. मी त्यावर भरवसा ठेवत नाही. एक वाळूचा कण किंवा गोगलगायीचं पिल्लू पडद्यात अडकलं की तो अर्धवट उघडा राहतो, आणि हे कळतं ते वीज गेल्यावरच. सगळं पाणी खाली उतरून थांबलं की संपवर तिथून मागे मोजून ‘चालू असताना याच्या वर भरू नये’ अशी पक्की रेघ मारून ठेवा. संप वाहण्याच्या कित्येक घटना पाणी भरताना दाखवलेल्या उदारपणामुळे होतात.

आता दुसरी परीक्षा. पंप चालू ठेवून सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि एक हात पंपाच्या प्लगपाशी ठेवा. सगळं पाणी आता राखीव पाइपांवर आलं. पातळी चढून काठाच्या खाली थांबली पाहिजे. थांबली नाही तर लगेच प्लग काढा: तुमच्याकडे आणीबाणीचा पाइप दिसायला आहे, कामाला नाही. त्याचं तोंड फार वर असेल, आतला व्यास अपुरा असेल, किंवा खालचं टोक खोल बुडालेलं असेल. हे टोक मुद्दाम पाण्याच्या वर ठेवतात. त्यातून पाणी आलं की धबाधबा आवाज होतो आणि झोपेतला माणूसही उठतो.

ही परीक्षा कोणी करत नाही. ज्यांच्याकडे जमिनीवर पाणी आलेलं असतं त्यांनी तर हमखास केलेली नसते.

६. पंप गरजेपेक्षा मोठा तर नाही?

खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. खरा प्रवाह मोजायचा तर पाइपाचं टोक बादलीत धरा. १० लिटरला २० सेकंद लागले तर तासाला १८०० लिटर. एक इंची उघडा स्टँडपाइप तासाला साधारण २००० लिटरच्या पुढे गेला की त्याला शांत ठेवणं अवघड होत जातं, मग टोपीशी कितीही खेळा. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह लावून प्रवाह कमी करा, किंवा पंपाचा वेग कमी होत असेल तर तो. आत येणाऱ्या बाजूला कधीही आवळू नका. टाकीतली हालचाल वेव्हमेकरने (टाकीतच पाणी हलवणाऱ्या छोट्या पंपाने) मिळते, त्यासाठी सगळं पाणी संपमधून फिरवायची गरज नसते.

७. पाइपाची वाट आणि जोड

इथून पुढे करवत लागते. आडवा पाइप हा हवेचा गोठा आहे. जिथे पाइप आडवा जातो किंवा लवचीक नळी झोळ खाते तिथे हवेचा फुगा बसतो आणि सुरुवातीला तिथूनच धक्के देतो. पूर्ण वाट उतरती ठेवा, काटकोनी एल्बोच्या जागी शक्य तिथे ४५ अंशांचे दोन घ्या. उघडा पाइप खाली जाताना अरुंद होत असेल, वर सव्वा इंची आणि खाली एक इंची असा, तर हवेची वाट तिथेच बंद झाली.

सायफनच्या पाइपात मात्र उलटा शोध: बाहेरून हवा कुठून येते? आत ओढ असते, म्हणून सैल जोडातून पाणी गळत नाही, हवा शिरते. जोड कोरडा आहे म्हणून तो ठीक आहे असं इथे म्हणता येत नाही. एकेका जोडावर ओलं फडकं घट्ट गुंडाळा. ज्या जोडावर गुंडाळल्यावर खालचे बुडबुडे कमी झाले तो सापडला. युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) असेल तर आतली गोल रबरी रिंग बघा, धुवा, नीट बसवा. चिकटवलेला जोड असेल तर कापून नवा करावा लागतो: आधी कोरडं जुळवून बघणं, मग कड घासून साफ करणं, सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही बाजूंना, आत सरकवताना पाव फेरा, थोडा वेळ दाबून धरणं. पाणी सोडण्याआधी पूर्ण २४ तास द्या आणि पाइप धुऊन घ्या. हे काम टाकीवर वाकून, पाण्याच्या वर करू नका.

८. बल्कहेडची ओल

ती खाली-वर होणाऱ्या पातळीसारखी त्रासदायक वाटत नाही, पण मला तिचीच जास्त धास्ती. आधी नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. कित्येकदा पाणी वरच्या जोडावरून ओघळत आलेलं असतं. खरंच भोकातून येत असेल तर हाताने नट थोडा आवळून बघा. पाना लावून जोर करायचा नाही, काच भोकापासूनच तडकते. तरीही थांबलं नाही तर पातळी भोकाच्या खाली आणून बल्कहेड उघडावा लागेल. रबरी वॉशर चकतीच्या बाजूला असतो, नटाच्या बाजूला नाही. तिथे उलट बसवलेला असेल तर पाणी आट्यांमधून वाट काढतं. हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस.

इथे थांबा

काचेत भोकाजवळ केसाएवढी रेघ दिसली तर पाणी उपसा, मासे हलवा आणि टाकी बनवणाऱ्याला बोलवा. सिलिकॉन लावून वेळ मारून नेऊ नका. टाकीच्या कोपऱ्याच्या किंवा ओव्हरफ्लो बॉक्सच्या सिलिकॉनमधून पाणी येत असेल तेव्हाही तेच. नवीन भोक पाडायचं असेल तर काच टफन (उष्णतेने कडक) केलेली नाही याची खात्री हवी. अशी काच ड्रिल लागताच चुरा होते, आणि पुष्कळ तयार टाक्यांचा तळ तिचाच असतो. स्टँडचं लाकूड फुगलं असेल किंवा टाकी एका बाजूला कलली असेल तर ड्रेनचा विचार बाजूला ठेवून सुतार गाठा, त्याआधी टाकी रिकामी करा.

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिणी आली, किंवा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन. टाकीचं पाणी घराच्या सांडपाण्याच्या लाइनला कायमचं जोडायचं असेल तर प्लंबर, कारण मध्ये हवेचं अंतर न ठेवता थेट जोड दिला तर लाइन तुंबल्यावर ते पाणी उलटं येऊ शकतं.

ज्याला बोलवाल त्याला आधीच कळवा: टाकीचं आणि संपचं माप, काचेची जाडी, पाइपाचा आतला व्यास, बादलीने मोजलेला प्रवाह, आणि व्हॉल्व्ह बंद करून केलेल्या परीक्षेत पाणी कुठवर चढलं ते. जोडीला बॉक्सच्या आतला एक आणि संपमधल्या पाइपाच्या टोकाचा एक असे दोन फोटो. एवढं हातात असेल तर तो योग्य मापाचं सामान घेऊनच येईल.